सौरज्वाला पूर्वानुमान

सूर्यडागांच्या समूहात साठलेली चुंबकीय ऊर्जा अचानक मोकळी होऊन होणारा स्फोट म्हणजे सौरज्वाला. ती उसळण्याआधीच तिची शक्यता यंत्रशिक्षणाने (मशीन लर्निंग) वर्तविण्याची ही पद्धती. क्ष-किरणांच्या तीव्रतेनुसार ज्वालांचे ए, बी, सी, एम, एक्स असे वर्ग पाडतात. प्रत्येक वर्ग आधीच्याच्या दसपट. हे किरण सुमारे ८ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतात, म्हणजे ज्वालेच्या दर्शनाबरोबरच तिचा परिणामही येतो. पूर्वानुमानाची निकड यातूनच निर्माण झाली.

सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी हे नासाचे यान २०१० पासून सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राचे नकाशे पाठवीत आहे. त्या नकाशांच्या आधारे बोब्रा व कूव्हिदा या संशोधकांनी २०१५ मध्ये एम व एक्स वर्गांसाठी पूर्वानुमान मांडले. मोठ्या ज्वाला विरळ असल्याने ‘ज्वाला होणार नाही’ एवढेच सांगणारे प्रारूपही बहुतेक दिवशी बरोबर ठरते. म्हणून निव्वळ अचूकतेची टक्केवारी फसवी होय. एकाच डागसमूहाची निरीक्षणे शिकवणी आणि चाचणी या दोहोंत मिसळली, तरी निकाल फुगतो. कालक्रमाने वेगळी केलेली चाचणीच अधिक ग्राह्य वाटते.

यंत्राला शिकण्यासाठी उदाहरणे हवीत, आणि अतितीव्र घटनांची उदाहरणे मोजकी आहेत. त्यांपैकी सर्वांत मोलाचे कोकण किनाऱ्यावरचे आहे. ज्वालेबरोबर कधीकधी सूर्यावरून विद्युतभारित वायूचा लोटही सुटतो; तो किरणांपेक्षा उशिरा पोहोचून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वादळ उठवितो. इंग्रज खगोलविद कॅरिंग्टन यांनी १ सप्टेंबर १८५९ रोजी पाहिलेल्या ज्वालेनंतर साधारण साडेसतरा तासांनी आलेले असे चुंबकीय वादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोंदले गेले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या क्षैतिज (आडव्या) घटकातील घट सुमारे १,६०० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) होती, असे त्सुरुतानी, लखिना प्रभृतींनी २००३ मध्ये दाखविले. ही सर्व घट पृथ्वीभोवतीच्या विद्युत् वलयप्रवाहामुळे झाली, की आयनांबरातील (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातील) प्रवाहांचाही तीत वाटा होता, याविषयी मतभेद आहेत. तासाची सरासरी काढल्यास घट बरीच कमी भरते. आजच्या वादळांशी तुलना करताना ही सरासरीच अधिक सुरक्षित दिसते; तथापि मूळ वाचनांचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय निरीक्षणे १९०४ पासून अलिबागेस हलविण्यात आली. तेथील इमारतींसाठी अचुंबकीय पोरबंदरी दगड वापरला. दिवसा तीव्र ज्वाला झाली, तर तेथील आलेखाच्या दुपारच्या चढावर काही मिनिटांचा हुकासारखा बारीकसा बाक उमटतो. रात्रीच्या ज्वालेची अशी खूण मिळत नाही.

६ जानेवारी २०२४ रोजी भारताचे सूर्यनिरीक्षक यान ‘आदित्य-एल१’ नियोजित कक्षेत पोहोचले. त्यावर क्ष-किरण मोजणारी दोन उपकरणे आहेत.