उद्या तुमच्या जागी तोतया कामावर गेला तर?

समजा, उद्या तुमच्या जागी हुबेहूब तुमच्यासारखा दिसणारा एक तोतया कामावर जाणार आहे. माणूस बदललाय अशी कुणाला शंकाही येता कामा नये. त्याला काय काय शिकवून पाठवाल?

इटलीतल्या तुरिन शहरात, १९७०च्या दशकात, इव्हार ओद्दोने या डॉक्टरांनी फियाटच्या कामगारांना अभ्यासवर्गांत हे विचारलं. कामाचं वरवरचं वर्णन करून भागत नाही. तेवढ्यावर तोतया पहिल्या तासात पकडला जाईल. म्हणून प्रश्न खोल जातात: प्रत्यक्ष कामाबद्दल, सोबत्यांबद्दल, वरिष्ठांबद्दल, युनियनबद्दल. ठरवून दिलेली पद्धत कुठे सोडावी लागते, कुणाशी कसं जमवून घ्यायचं, साहेबाला काय सांगायचं आणि काय नाही, हे सगळं बोलावं लागतं. वर्षानुवर्षं हातात मुरलेलं ज्ञान शब्दांत येतं आणि ऐकणाऱ्या सोबत्यांना त्यात आपलंही काम दिसतं. मला ही युक्ती विलक्षण वाटते, कारण इथे शिकवणारा कामगारच असतो.

या वर्गांना वाट मिळाली ती १९७३च्या करारामुळे. इटलीतल्या धातुउद्योगातल्या कामगारांनी तीन वर्षांत मिळून १५० तासांची भरपगारी अभ्यासरजा मिळवली होती. अनेकांनी अर्धवट राहिलेली शाळा पुरी केली, काहीजण विद्यापीठाच्या चर्चावर्गांत गेले.

ओद्दोने यांचं मूळ काम आरोग्याचं. त्यांनी आणि तुरिनच्या कामगारांनी १९६०च्या दशकात कारखान्यातल्या धोक्यांचे चार गट पाडले होते: पहिला, उजेड, आवाज, तापमान; दुसरा, धूळ, वायू, वाफा; तिसरा, अंगमेहनतीचा थकवा; आणि चौथा, कामाचा वेग, तोचतोचपणा, ताण. एकाच जागी एकच त्रास सोसणाऱ्यांनी एकत्र बसून जे पडताळून मान्य केलं, तो पुरावा धरायचा. धोक्याच्या बदल्यात वाढीव भत्ता मात्र घ्यायचा नाही. 'आरोग्य विकायचं नसतं' ही त्यांची घोषणाच होती.

जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांनी १९६८ मध्ये ज्ञानामागच्या तीन प्रेरणा मांडल्या: निसर्गावर ताबा मिळवणं, एकमेकांना समजून घेणं आणि जाचातून मोकळं होणं. आज कंपन्यांमधली 'टीम लर्निंग'ची प्रशिक्षणं बहुधा पहिल्या दोहोंवरच थांबतात. तुमचा अनुभव सांगा म्हणतात, पण कामाचा वेग कोण ठरवतं हा प्रश्न कुणी काढत नाही. तुरिनमध्ये तोच अभ्यासाचा विषय होता. शिवाय २० मे १९७०च्या इटालियन कायद्यातल्या कलम ९ नुसार, सुरक्षेचे नियम पाळले जातात की नाही हे आपल्या प्रतिनिधींमार्फत तपासण्याचा आणि आरोग्यरक्षणाचे नवे उपाय पुढे रेटण्याचा हक्क तिथल्या कामगारांना मिळाला होता.