धूर म्हणजे न जळलेलं सरपण

सोलापूर जिल्ह्यात माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, जुनी घरं उतरवून त्या जागी स्लॅबची घरं उभी राहताहेत. गॅस आला तरी सणावाराचा स्वयंपाक, अंघोळीचं पाणी आणि ढिगानं लागणाऱ्या ज्वारीच्या भाकरी यांसाठी मागे एक चूल हवीच असते. नकाशात तिच्या वाट्याला येतो एक उरलेला कोपरा. माळवदात ते निभावून जायचं, कारण धुराला वर सवणं, म्हणजे छतातलं भोक, असायचं. स्लॅबमध्ये धूर कोंडतो. त्यावर नेहमीचं उत्तर असतं, ‘लाकूड म्हटलं की धूर होणारच.’ हा समज खोडून काढायलाच हवा.

लाकूड तापून २००-३०० अंश सेल्सिअसवर गेलं की त्याचे मोठे रेणू तुटू लागतात. त्यातून ज्वलनशील वायू आणि डांबरासारखी वाफ बाहेर पडते. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा साधारण तीन चतुर्थांश भाग असाच उडून जातो आणि मागे आर, म्हणजे निखारा, उरतो. आपल्याला जाळ दिसतो तो या वायूंचा. त्यांना पुरेशी हवा मिळाली, ती नीट मिसळली आणि तापमान ६००-७०० अंशांच्या वर टिकलं, तर शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ एवढंच उरतं. यातलं एक जरी कमी पडलं तरी वायू अर्धवट जळतात, आणि तोच धूर.

घरी पडताळून बघा. मेणबत्ती फुंकून विझवा आणि वर चढणाऱ्या पांढऱ्या धुराला लगेच पेटती काडी लावा, वातीपासून बोटभर वर. ज्वाळा धुरातून झपकन खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. चुलीतून डोळ्यांत जाणारा धूरही असाच वाया जाणारा जाळ आहे.

म्हणून चूल निवडताना पहिला प्रश्न हा, की ही चूल धूर जाळते की नुसता बाहेर काढते? ओली बाभूळ घातली तर पाण्याची वाफ करण्यात उष्णता खर्च होते. पण खरं नुकसान वेगळंच आहे. त्या वाफेनं जाळाचं तापमान पडतं आणि वायू पेटेनासे होतात. दगड-मातीची जाड चूलही सुरुवातीला हेच करते. ‘जाड चूल ऊब धरते’ असं कौतुकानं सांगतात, पण ती ऊब आधी जाळातूनच ओढलेली असते. तांब्याचा बंब तर फारच बोलका आहे. मधल्या नळीभोवती पाणी असल्यामुळे नळीची भिंत शंभर अंशांच्या फार वर जाऊच शकत नाही. जाळ तिला टेकला की गारठतो आणि आत काजळीचा थर बसतो.

अमेरिकी अभियंता लॅरी विनियार्स्की यांनी १९८०च्या दशकात मांडलेली रॉकेट चूल नेमकी इथे काम करते. आडव्या तोंडातून सरपण आत जातं, खालून हवा येते आणि उभी पोकळी रुंदीच्या अडीच-तीन पट उंच ठेवतात. पोकळीभोवती जड विटांऐवजी हलकं, उष्णता अडवणारं काहीतरी भरायचं. चाळलेली कोरडी राखसुद्धा चालते, कारण तिच्या कणांत हवा अडकलेली असते. भिंत लवकर लाल होते आणि वायू भांड्याला टेकण्याआधीच जळून जातात.

तिची एक अडचण मोकळेपणानं सांगायला हवी. पुढे ओढलेल्या आरावर भाकरी उभी करून शेकायला तिच्यात जागा नसते. ज्या घरात रोज चुलीवर भाकऱ्या होतात, तिथे मी दोन तोंडांची, धुराड्याची सुधारित चूल सुचवीन. आणि ‘चुलीवरचं’ अशा पाट्यांना भुलू नका. भाकरीची चव येते ती तीव्र आचेनं आणि आत कोंडलेल्या वाफेनं. धुरानं पोटात काजळीच जाते.

धुराड्याची ओढ बाहेरच्या आणि आतल्या हवेच्या घनतेतल्या फरकावर चालते. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना हवेची घनता घनमीटरला सुमारे १.१२ किलो असते, तर धुराड्यातल्या १५० अंशांच्या वायूची ०.८३. तीन मीटर उंचीला ही ओढ जेमतेम ८ पास्कल (दाबाचं एकक) भरते. डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांना ती ११च्या वर जाते. उन्हाळ्याच्या दुपारी घर बाहेरच्यापेक्षा गार असेल, तर न पेटवलेल्या धुराड्यात हवा उलटी खाली येते. अशा वेळी आधी धुराड्याच्या बुडाशी मूठभर वाळलेला पाला पेटवावा, म्हणजे ओढ लागते.

वास्तुशास्त्राच्या नावाखाली चूल आग्नेयेलाच हवी म्हणून भिंती पाडणारे लोक आहेत. धूर दिशा बघत नाही. बघायचं ते हे, की पावसाळ्यातल्या पश्चिमेच्या वाऱ्याला धुराड्याचं तोंड मोकळं आहे की शेजारच्या भिंतीआड अडकलंय.

तयार चूल घेणार असाल तर भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३१५२ या मानकाची खूण मागा. पंखा नसलेल्या चुलीला त्यात किमान २५ टक्के औष्णिक कार्यक्षमता (सरपणातल्या उष्णतेपैकी भांड्याला पोचणारा वाटा) लागते, पंख्याच्या चुलीला ३५ टक्के. धुराड्यासाठी स्लॅब ओतण्याआधीच मिस्त्रीकडून स्लीव्ह, म्हणजे धुराडं आरपार जाण्यापुरती नळी, बसवून घ्या. धुराड्याचं टोक तीन मीटरच्या आतल्या कठड्यापेक्षा आणि पाण्याच्या टाकीपेक्षा निदान दोन फूट उंच ठेवा, आणि काजळी काढायला खाली एक झाकण सोडा.