न्यू जर्सीत लायसन्सवरचे पॉइंट्स कमी कसे करायचे?

वाहतुकीचा नियम मोडल्याचं तिकीट आलं की बरेच जण ऑनलाइन दंड भरून मोकळे होतात. पण दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, आणि मोटर व्हेइकल कमिशनच्या, म्हणजे एमव्हीसीच्या, नोंदीत पॉइंट्स, म्हणजे नियमभंगाचे गुण, चढतात ते त्यानंतर. त्यामुळे पैसे भरण्याआधीच म्युनिसिपल कोर्टात सरकारी वकिलाशी बोलून कमी पॉइंट्सचं कलम लागतं का, ते विचारून घ्या.

वेगमर्यादेच्या वर 14 मैलांपर्यंत गेलात तर 2 पॉइंट्स, 15 ते 29 मैलांना 4, त्याहून जास्त असेल तर 5. स्टॉप साइन चुकवली तर 2. पुढच्या गाडीला चिकटून चालवणं किंवा थांबलेल्या स्कूल बसच्या पुढे जाणं, दोन्हींना 5. तीन वर्षांत 6 पॉइंट्स झाले की कोर्टाच्या दंडाशिवाय 150 डॉलरचा सरचार्ज येतो आणि सहाच्या वरच्या प्रत्येक पॉइंटला आणखी 25 डॉलर. बारावर लायसन्स निलंबित होण्याची वेळ येते.

पॉइंट्स उतरवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे वर्षभर नीट गाडी चालवणं. सलग 12 महिने तिकीट नाही, निलंबन नाही, तर 3 पॉइंट्स आपोआप वजा होतात. त्यासाठी अर्ज नाही, फी नाही.

घाई असेल तर एमव्हीसीमान्य डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा, म्हणजे धोका ओळखून सांभाळून गाडी चालवण्याचा, कोर्स करा. त्याने 2 पॉइंट्स जातात आणि विम्याच्या हप्त्यातही सूट मिळते. कोर्स ऑनलाइनही करता येतो. पॉइंट्सची ही सवलत मात्र पाच वर्षांतून एकदाच. शिवाय नोंद शून्याखाली जात नाही, त्यामुळे पॉइंट्स चढण्याआधीच कोर्स उरकलात तर पुढच्या तिकिटासाठी शिल्लक काही राहत नाही. समजा, 55 च्या रस्त्यावर 72 ने गेल्याचे 4 आणि नंतर स्टॉप साइनचे 2, असे 6 झाले. ते नोंदीत दिसल्यावर कोर्स केला तर 4 उरतात आणि शेवटच्या तिकिटापासून वर्ष स्वच्छ गेलं की 1.

ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंट प्रोग्रॅमने 3 पॉइंट्स जातात, पण त्याला आपणहून जाता येत नाही. निलंबनाची नोटीस पाठवताना एमव्हीसी काही जणांना हा पर्याय देते. तो केल्यावर वर्षभरात पुन्हा तिकीट मिळालं तर निलंबन ठरलेलंच. नवशिक्यांसाठी प्रोबेशनरी ड्रायव्हर प्रोग्रॅम असतो, तोही नोटीस आल्यावरच.

कोर्सला कागदपत्रांचा पसारा नाही. न्यू जर्सीचं चालू लायसन्स आणि त्याचा नंबर पुरतो. फक्त नाव लायसन्सवर आहे अक्षरन् अक्षर तसंच भरा; मधलं नाव कुठे आहे, कुठे गाळलंय, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ इथे नडतो. प्रमाणपत्राची एक प्रत विमा कंपनीला स्वतः पाठवा. काही आठवड्यांनी एमव्हीसीकडून ड्रायव्हर हिस्टरी अॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे तुमच्या नोंदीचा उतारा, मागवून 2 पॉइंट्स खरोखर गेलेत का, ते बघा.

त्या अॅब्स्ट्रॅक्टवर तिकीट मात्र दिसणारच. कोर्सने पॉइंट्स जातात, गुन्ह्याची नोंद जात नाही. विमा कंपन्यांचे पॉइंट्स वेगळे असतात, त्यामुळे एमव्हीसीकडे शून्य झालं तरी हप्ता चढा राहू शकतो.

अपार्टमेंट बदललंत तर आठवड्याच्या आत एमव्हीसीला नवा पत्ता कळवणं बंधनकारक आहे. नोटिसा नोंदीतल्या पत्त्यावरच जातात.