बोइंग ३०७ स्ट्रॅटोलायनर: प्रेशराइज्ड केबिनचं पहिलं प्रवासी विमान

विमान वर चढताना कानाला दडे बसतात, केबिनमधल्या दाबाशी आपला संबंध तेवढाच. पण १९३० च्या दशकात डीसी-३ सारख्या प्रवासी विमानांत केबिनमध्ये हवा भरून दाब टिकवायची (म्हणजेच प्रेशराइज्ड केबिनची) सोयच नसायची, त्यामुळे जास्त वर गेलं तर हवा विरळ आणि श्वासाची पंचाईत, खाली राहिलं तर ढग, वादळं, धक्के सगळं सोसा, नि मग उलट्या.

लॉकहीडच्या एक्ससी-३५ ने १९३७ मध्ये प्रेशराइज्ड केबिन चालते हे दाखवलं होतं, पण ते अमेरिकन लष्कराचं प्रयोगापुरतं विमान. तिकीट काढून बसता येईल असं पहिलं म्हणजे बोइंग ३०७ स्ट्रॅटोलायनर, पहिलं उड्डाण ३१ डिसेंबर १९३८. बोइंगने हुशारी अशी केली की पंख, शेपूट, इंजिनं बी-१७ बॉम्बरची घेतली आणि बॉडी तेवढी नवी केली, गोल गरगरीत, कारण आतून दाब दिला की सपाट बाजू फुगायला बघतात, गोल नळीत ताण सगळीकडे सारखा बसतो. विमान १४,७०० फुटांवर असलं तरी आतल्या ३३ प्रवाशांना ८,००० फुटांवरची हवा.

१८ मार्च १९३९ ला केएलएम या डच विमान कंपनीची माणसं बरोबर घेऊन टेस्ट चालू होती, एका बाजूची इंजिनं बंद केल्यावर काय होतं ते बघत होते, तेव्हा विमान गिरक्या खात खाली आलं आणि सावरताना पंख-शेपूटच तुटले. दहाच्या दहा माणसं गेली. मग शेपटीचा उभा भाग बराच मोठा केला, आणि गंमत म्हणजे पुढे बी-१७ लाही तशीच शेपूट आली, उसनं घेतलेलं सुधारून परत!

टीडब्ल्यूए या अमेरिकन विमान कंपनीने जुलै १९४० मध्ये सर्व्हिस सुरू केली पण दुसरं महायुद्ध आडवं आलं, टीडब्ल्यूएची पाचही विमानं लष्कराने घेतली आणि वजन कमी करायला दाबाची यंत्रणाच काढून टाकली, म्हणजे ज्यासाठी नाव झालं तेच गेलं. एकूण बनली फक्त दहा. युद्धानंतर मान मिळाला तो लॉकहीडच्या कॉन्स्टेलेशन या प्रेशराइज्ड विमानाला, १९४८ मध्ये मुंबईहून लंडनला गेलेली एअर इंडियाची 'मलबार प्रिन्सेस' तीच.

उरलेल्यांची रवानगी कुठेही झाली. एक १९६५ मध्ये व्हिएन्टियान (लाओस) ते हनोई (व्हिएतनाम) मार्गावर बेपत्ता झालं, तिथल्या शस्त्रसंधीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाच्या कामावर होतं, त्यात भारतीयही होते. अमेरिकन अब्जाधीश हॉवर्ड ह्यूजच्या विमानाची चक्क हाऊसबोट झाली. पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीचं एक दुरुस्त करून उडवलं, तर २००२ मध्ये इंधन संपून सिॲटलजवळ समुद्रात उतरलं, परत दुरुस्त केलं, आणि आता ते अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे.