जीपीएस गेल्यावर ड्रोन वाहू का लागतो?

रिमोटच्या दोन्ही स्टिक सोडल्या तरी कॅमेरा ड्रोन हवेत खिळल्यासारखा उभा राहतो, त्यामुळे स्थिर राहणे हा त्याचा स्वभावच आहे असा नवशिक्याचा समज होतो. प्रत्यक्षात तो सतत ढळत असतो आणि सतत सावरला जात असतो. जायरोस्कोप आणि त्वरणमापक त्याचा कल ओळखतात व त्यानुसार मोटारींचा वेग बदलून ड्रोन समतल ठेवला जातो. पण समतल असलेला ड्रोन जागेवरच आहे की वाऱ्याबरोबर सरकतो आहे, हे या सेन्सरांना फार काळ नेमके सांगता येत नाही. त्यासाठी बाहेरची खूण लागते, आणि ती सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या जीपीएस उपग्रहांकडून मिळते. जागेसाठी तीन आणि ड्रोनवरच्या जीपीएस रिसीव्हरच्या घड्याळातील चूक काढण्यासाठी चौथा, असे किमान चार उपग्रह दिसावे लागतात, कारण अंतर संदेशाला लागलेल्या वेळेवरून काढले जाते आणि घड्याळ एक मायक्रोसेकंद (सेकंदाचा दहा लाखावा भाग) चुकले तरी अंतर सुमारे ३०० मीटरने चुकते.

उंच इमारतींच्या बोळात किंवा सह्याद्रीतल्या खोल घळीत आकाशाचा तुकडाच दिसतो आणि हे गणित बिघडते. जमिनीजवळ असताना खालचा कॅमेरा पृष्ठभागावरच्या खुणा पाहून ड्रोनला जागेवर धरतो. मात्र अंधारात किंवा हलत्या पाण्यावर त्याचाही भरवसा नाही. दोन्ही आधार सुटले की ड्रोन ‘अ‍ॅटी’ मोडमध्ये जातो. या मोडमध्ये तो समतल राहतो, वायुदाबमापकाच्या मदतीने उंचीही राखतो, परंतु स्टिक सोडल्यावर थांबत नाही, वारा नेईल तिकडे जातो. अनेक ड्रोनमध्ये यासाठी वेगळे बटण नसते, बदल आपोआप होतो आणि पडद्यावर केवळ एक सूचना येते, म्हणून ती सूचना वाचण्याची सवय मला सर्वांत मोलाची वाटते. अशा वेळी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने स्टिक देऊन ड्रोन हातानेच आणावा लागतो. वेगाने उडवण्यासाठीच्या ‘स्पोर्ट’ मोडचा धोका निराळा: जीपीएस चालू असतो, पण बहुतेक ड्रोनमध्ये अडथळे ओळखणारी यंत्रणा बंद होते आणि थांबायला जास्त अंतर लागते.

ड्रोनमधल्या कंपासची, म्हणजे होकायंत्राची, गोष्ट अधिक फसवी आहे. स्लॅबमधल्या लोखंडी सळ्यांमुळे त्याची दिशा चुकली, तर ड्रोन जागा सावरण्यासाठी चुकीच्या बाजूला झुकतो आणि वाढत जाणारी वर्तुळे काढू लागतो. म्हणून गच्चीवरून उड्डाण शक्यतो टाळावे.

पडद्यावर दिसणारी उंचीही सहसा उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते, ड्रोनखालच्या जमिनीपासून नव्हे. पायथ्यावरून उडवलेला ड्रोन १०० मीटर दाखवत असताना डोंगरउतारापासून जेमतेम २० मीटरवर असू शकतो. संपर्क तुटल्यावर आपोआप परतण्यासाठी ठरवलेली उंचीही याच हिशेबाने धरली जाते, म्हणून वाटेतल्या सर्वांत उंच झाडाचा, मनोऱ्याचा किंवा कड्याचा अंदाज घेऊन ती उड्डाणापूर्वीच ठरवावी आणि जीपीएस स्थिर होऊन परतीची जागा नोंदली गेल्याखेरीज ड्रोन उचलू नये.