हयातीचा दाखला घरबसल्या : पात्रता, कागदपत्रे आणि पद्धत

पेन्शन सुरू राहण्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या पेन्शनरांसाठी नोव्हेंबर महिना ठरलेला आहे. ८० वर्षे पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. ईपीएस-९५ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधी कार्यालयाची पेन्शन घेणाऱ्यांना महिन्याचं बंधन नाही, कधीही द्या, तिथून पुढे बारा महिने तो चालतो. दाखला राहिला तर पेन्शन थांबते. नंतर दिला की थकबाकीसह मिळते, पण औषधपाण्याचे पैसे मध्येच अडकणं कोणालाच परवडत नाही.

हा दाखला ऑनलाइन देण्याची सोय म्हणजे ‘जीवन प्रमाण’. ती १० नोव्हेंबर २०१४ला सुरू झाली. सुरुवातीला बोटाचा ठसा किंवा डोळ्याची बुबुळं लागायची. आयुष्यभर धुणीभांडी, शेती केलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्रावर बोट पुसून पुसून ठेवलं तरी ठसा जुळत नाही. म्हणूनच २०२१पासून आलेली चेहऱ्याची पडताळणी मला ज्येष्ठांसाठी सगळ्यात सोयीची वाटते.

आधार क्रमांक असलेला आणि ज्याचं पेन्शन देणारं कार्यालय या व्यवस्थेत सामील आहे असा कोणताही पेन्शनर हा दाखला काढू शकतो. मात्र पुनर्विवाह झालेला असेल किंवा पुन्हा नोकरी धरली असेल, तर ऑनलाइन चालत नाही. बँकेत किंवा कार्यालयात कागदी दाखलाच द्यावा लागतो. श्रावणबाळ किंवा संजय गांधी योजनेचे लाभार्थी इथे येत नाहीत. त्यांनी तहसील कार्यालयात चौकशी करावी.

कागदपत्रं अपलोड करायची नसतात, पण आधार, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, पेन्शनच्या खात्याचं पासबुक आणि मोबाइल हाताशी ठेवा. पेन्शन मंजूर करणारं आणि प्रत्यक्ष देणारं कार्यालय कोणतं, हेही विचारलं जातं. ते पीपीओवरून आधीच बघून ठेवा, बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

मग अँड्रॉइड फोनवर ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन अॅप घ्या. फोन हाताळणारी व्यक्ती, म्हणजे मुलगा, सून, नात कोणीही, आधी स्वतःची पडताळणी एकदाच करते. त्यानंतर पेन्शनरचा आधार क्रमांक, ओटीपी, पीपीओचा तपशील भरायचा आणि शेवटी चेहरा दाखवायचा. चष्मा काढून खिडकीसमोर तोंड करून बसवा, पाठीमागे साधी भिंत असू द्या. पापण्या मिटून उघडायला सांगितलं की आजी आपल्याकडे बघतात, कॅमेऱ्याकडे नाही. तेव्हा फोन त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत धरा आणि “आता मिटा, आता उघडा” असं हळू बोला. घाई करू नका.

काम झालं की एसएमएसवर प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा क्रमांक येतो. तो वहीत लिहून ठेवा आणि जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावरून दाखला उतरवून घ्या. पण आयडी आला म्हणजे पेन्शन देणाऱ्या कार्यालयाने दाखला मान्य केलाच असं नाही. पीपीओ किंवा खाते क्रमांकात एक आकडा चुकला तरी तो नाकारला जातो, तेव्हा काही दिवसांनी स्थिती जरूर तपासा.

घरात स्मार्टफोन नसेल तर आपले सरकार किंवा सीएससी (सामाईक सेवा) केंद्रात जा. चालता न येणाऱ्यांसाठी पोस्टमन घरी येऊन दाखला करून देतो, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची ही सेवा नाममात्र शुल्क घेते. आणि “पेन्शन कार्यालयातून बोलतोय, दाखल्यासाठी ओटीपी सांगा” असा फोन आला तर तत्काळ ठेवून द्या. फसवलं गेल्यास १९३० या क्रमांकावर लगेच कळवा.