खाण्याचा सोडा : घरगुती उपयोग

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, हे पांढरे, बारीक आणि पाण्यात विरघळणारे सौम्य अल्कधर्मी चूर्ण आहे. त्याच्या द्रावणाचा सामू (पीएच) ८.३ च्या आसपास असतो. आम्लाशी संयोग झाल्यास किंवा सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या वर तापवल्यास त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तापवल्यानंतर मागे उरते ते सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा. भज्यांच्या पिठात सोडा जास्त पडल्यास साबणासारखी चव येते ती त्यामुळेच. अशी भजी तेलही जास्त पितात आणि पिठातल्या हळदीमुळे लालसर दिसतात.

सोलापूर परिसरातील घरांत या सोड्याच्या उपयोगाचा विचार तेथील पाण्यापासून सुरू करावा लागतो. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून येणारे विंधन विहिरींचे पाणी बहुधा जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. हे क्षार कडधान्याच्या पेशीभित्तिकांमधील पेक्टिनला, म्हणजे पेशी एकमेकींना जोडून ठेवणाऱ्या पदार्थाला, घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे हरभरा किंवा मटकी तासन्‌तास शिजवूनही कचकचीत राहते. भिजवताना पाण्यात चिमूटभर सोडा टाकल्यास पेक्टिन सैल होते आणि दाणा लवकर मऊ पडतो. मात्र अल्कधर्मी पाण्यात ब१ जीवनसत्त्व नष्ट होत असल्याने भिजवलेले पाणी ओतून टाकून कडधान्य ताज्या पाण्यात शिजवावे. शिजतानाच सोडा घालण्याची सवय टाळलेली बरी.

याच जड पाण्यामुळे बादल्या, नळ आणि गिझरच्या आतल्या भागावर जो पांढरा थर चढतो, त्यावर मात्र सोड्याचा उपयोग नाही. तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असून तो आम्लानेच विरघळतो, त्यासाठी लिंबू, व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व घ्यावे लागते. व्हिनेगर व सोडा एकत्र करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण दोन्ही परस्परांना निष्प्रभ करतात आणि उरते ते सोडियम ॲसिटेटचे पाणी. फसफसण्याने थोडा मळ ढिला होतो, यापलीकडे त्यातून फारसे काही साधत नाही. ॲल्युमिनियमची भांडी सोड्याने काळवंडतात, म्हणून ती त्याने घासू नयेत. चिकट ओटा आणि चहाचे डाग पडलेले कप यांसाठी मात्र थोड्या पाण्यात कालवलेला सोडा उत्तम ठरतो, कारण तो तेलकटपणा सैल करतो आणि हलका घासकाही असतो.

काळ्या पडलेल्या चांदीच्या पैंजणांसाठी एक पद्धत रसायनशास्त्राच्या कसोटीवर उतरते. काचेच्या भांड्यात ॲल्युमिनियमचा कागद अंथरून त्यावर पैंजण ठेवावे आणि सोडा घातलेले कढत पाणी ओतावे. चांदीवरील काळ्या सल्फाइडमधला गंधक ॲल्युमिनियमकडे जातो आणि चांदी झिजत नाही. खडे जडवलेले किंवा मुद्दाम काळे केलेले दागिने अर्थातच त्यात घालू नयेत.

सोलापूर जिल्ह्यात द्राक्षे व डाळिंबे मोठ्या प्रमाणावर पिकतात, त्यामुळे फळांवरील फवारणीचा प्रश्न घरोघरी निघतो. २०१७ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर झालेल्या अभ्यासात सोड्याच्या एक टक्का द्रावणाने १२ ते १५ मिनिटांत सालीवरील एका कीटकनाशकाचे आणि एका बुरशीनाशकाचे अंश निघाले, पण सालीत आत मुरलेला भाग निघाला नाही. ते निष्कर्ष सफरचंदांचे आहेत. द्राक्षांना ते जसेच्या तसे लागू पडतील असे धरू नये.

अपचनावर सोडा पाण्यातून घेतल्यास आम्ल शमून ढेकर येतो. पण एक ग्रॅम सोड्यात सुमारे २७४ मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणून रक्तदाब, मूत्रपिंड वा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी हा उपाय डॉक्टरांना विचारूनच करावा, आणि इतरांनीही तो रोजचा करू नये. कढईतील तेलाने पेट घेतल्यास गॅस बंद करून झाकण घालावे; आग छोटी असल्यास मूठमूठ सोडाही टाकता येतो, पाणी मात्र कधीच ओतू नये.

पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर सोड्याच्या गुठळ्या होतात व जोरही कमी होतो. चमचाभर सोड्यावर लिंबाचे थेंब टाकून पाहावे. फेस मंद आला तर तो सोडा स्वयंपाकाऐवजी मोरीच्या सफाईसाठी वापरावा.